वाऱ्याच्या तोंडचा फ्लॅट

"मावशी, घर कसं आहे तुमचं?" अंजना सिस्टरने विचारलं, तेव्हा मुक्ताबाईला वाटलं, सहज बोलायला विचारतेय.

"हाय की चांगलं. पत्र्याच्या दोन खोल्या, म्होरं आंगण, शेळ्यांना सपार."

"तसं नाही. गरम आहे का घर? खिडक्यादारं घट्ट लागतात का?"

मुक्ताबाईच्या डोळ्यांपुढं घर आलं. धारूरच्या डोंगरातलं तिचं गाव. दिवाळी झाली की तिथं पत्रा असा गार पडायचा, की पहाटे आतून थेंब टपकायचे. भिंत आणि पत्रा यांच्या मधोमध पंजा जाईल एवढी फट होती. उन्हाळ्यात त्याच फटीनं जीव वाचायचा, म्हणून ती कुणी बुजवली नव्हती.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातला तो नवजात बाळांचा कक्ष. मुक्ताबाईची सून दिपाली सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी. बाळाला काचेत ठेवलं होतं. आता ते धोक्याबाहेर होतं, आईचं दूध ओढायला शिकत होतं, आणि वजन जरा भरलं की घरी सोडणार होते.

"हिच्या अंगात ऊब धरून ठेवायला अजून चरबीच नाही," सिस्टर समजावून सांगू लागली. "घरी नेलं आणि गारठा लागला, तर इथं कमावलेलं वजन बघता बघता जाईल. दूध ओढायची नाही, मलूल पडेल. शिवाय दर आठवड्याला दाखवायला आणायचंय. डोंगरातनं एवढं लेकरू घेऊन एसटीनं येणार का तुम्ही? डॉक्टर सोडायच्या आधी विचारतीलच, कुठं नेणार म्हणून."

मुक्ताबाईनं दिपालीकडं पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळं, पदराआड हात घट्ट धरून बसलेली. तिला काही सुचत नव्हतं, हे उघडच होतं.

"सांगा डाक्टरला," मुक्ताबाई म्हणाली, "हितंच खोली करायलोत म्हनून. अन् गरम करते ती. माज्याकडं लागलं."

हे तिनं कुणालाही न विचारता ठरवलं होतं.

मुक्ताबाईचा जन्म नेकनूरकडचा. लग्न होऊन धारूरच्या डोंगरात आली आणि पहिल्याच वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. नवराबायकोच्या जोडीला तोडणीवाले 'कोयता' म्हणतात. राधाकिशन आणि मुक्ताबाईचा कोयता पंचवीसेक वर्षं दर दिवाळीनंतर कारखान्यावर जात राहिला. कधी सांगलीकडं, कधी कोल्हापूरकडं, कधी पार कर्नाटकात. ट्रॅक्टरमधून उतरायचं, माळावर मुकादम दाखवेल ती जागा आपली म्हणायची, आणि सूर्य मावळायच्या आत तिथं घर उभं करायचं. चार बांबू, उसाचं पाचट, वरून प्लास्टिकचा कागद. त्याला कोपी म्हणतात. वारा कुठून येतोय ते बघून मुक्ताबाई कोपीचं तोंड ठरवायची. तिच्या कोपीत पाणी शिरलंय किंवा वाऱ्यानं कागद उडालाय, असं टोळीतल्या कुणाला आठवत नसे. नव्यानं लग्न झालेल्या पोरी आपली कोपी बांधताना तिला हाक मारायच्या, "काकू, जरा बगा की हिकडं."

पण दाराला कुलूप आणि भिंतीला रंग असलेलं भाड्याचं घर तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

त्या दुपारी तिनं राधाकिशनला फोन लावला. बाप आणि पोरगा उत्तरेश्वर, दोघं कोल्हापूरकडच्या कारखान्यावर होते. मागून उसाच्या गाडीचा आवाज येत होता.

"गावात आपलं घर आसताना भाड्यानं खोली कावून?" राधाकिशन ओरडूनच बोलत होता. "पोरं काय पत्र्यात वाढली न्हाईत का आपली? उत्तरेश्वर न्हाई का वाढला?"

"एक वाढला. एक न्हाई वाढली," मुक्ताबाई म्हणाली.

मग राधाकिशन खालच्या सुरात म्हणाला, "भाड्याचं कसं करती?"

"दवाखान्याम्होरं खानावळ हाय. भाकरी थापायला बाई पायजे म्हनून बोलत होता मालक. त्ये मी बगते. तुमी तिकडचं बगा."

फ्लॅट मिळायला मात्र लई हिंडावं लागलं. बाळंतीण, बारकं लेकरू, घरात गडीमाणूस नाही, आणि गाव सोडून आलेली माणसं. ऐकलं की लोक दारातूनच नको म्हणत. शेवटी दवाखान्याच्या मागच्या रस्त्याला वनमालाबाईंनी दार उघडलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. दुसऱ्या मजल्यावर त्या स्वतः राहत आणि डोक्यावरचा, तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं देत.

"आधीच सांगते," किल्ली हातात देण्यापूर्वी वनमालाबाई म्हणाल्या, "थंडीत इथे राहणं अवघड आहे. उत्तरेला सगळं मोकळं रान आहे, त्यापलीकडे डोंगर. वारा सरळ अंगावर येतो. मागचे भाडेकरू त्यालाच कंटाळून गेले. आणि हे बघा, रंग नवा दिलाय. खिळा ठोकायचा नाही, भिंतीला धूर लागता कामा नये, आणि पाहुण्यांचा राबता नको."

"पाव्हणे कुठले, बाई. समदी कारखान्यावर हायेत," मुक्ताबाई म्हणाली. "वाऱ्याचं मी बगते."

संध्याकाळी खानावळीतून सुटल्यावर ती एकटीच वर गेली. रिकाम्या खोलीत तिनं चप्पल काढली आणि जरा वेळ नुसती उभी राहिली. फरशी तळपायाला बर्फासारखी लागत होती. वारा येतोय हे कळत होतं, पण कुठून ते कळेना. माळावर वाऱ्याला तोंड असतं, दिशा असते. इथं तो चोरासारखा कुठून कुठून आत शिरत होता. तिनं देवाजवळ लावायला आणलेली उदबत्ती पेटवली आणि ती हातात धरून भिंतीच्या कडेकडेनं फिरायला लागली. जिथं धूर वाकडा झाला, तिथं कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर बारीक खूण केली. सरकत्या खिडकीच्या रुळात. गॅलरीच्या दाराखाली. स्वयंपाकघरात पंखा बसवायला ठेवलेल्या गोल भोकात. न्हाणीच्या झरोक्यात, जिथली एक काचपट्टी फुटून गेली होती. फिरून झाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं, तर खुणाच खुणा.

"आगं माय," ती स्वतःशीच म्हणाली, "हे तर चाळण हाय."

दुसऱ्या दिवसापासून तिनं काम हाती घेतलं. पहाटे खानावळीत भाकरी, मग दवाखान्यात दिपालीला डबा, दुपारचा वेळ फ्लॅटला. नेकनूरजवळ तिचा भाऊ आसाराम कापूस लावायचा. तिनं फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "चांगला कापूस पाठवू का?" तर ही म्हणाली, "चांगला इक तू. मला कवडीचा दे, बोंडाला चिकटून राहतो त्यो." आसारामनं एसटीच्या कंडक्टरच्या ताब्यात एक पोतं भरून दिलं. मुक्ताबाईनं ते स्टँडवरून डोक्यावर आणलं. जुन्या लुगड्याच्या लांब नळ्या शिवून त्यांत कापूस ठासून भरला आणि दारांच्या खाली आडव्या टाकल्या. न्हाणीच्या झरोक्यात कापसाची उशी बसवली. पंख्याच्या भोकाला पत्र्याचं झाकण आणि त्यामागं बोळा.

गावाकडून येणाऱ्या जीपच्या टपावर तिनं घरची बाज आणली. बाजेवर वाकळा घातल्या, आणि खालून गार लागू नये म्हणून बाजेच्या चारी बाजूंना पोती शिवून जमिनीपर्यंत सोडली. खिडकीला जाड वाकळ टांगायची होती, पण खिळा ठोकायचा नव्हता. मग तिनं एक बांबू मापात कापून दोन भिंतींच्या मधे असा दाबून बसवला, की हत्ती लोंबकळला तरी पडायचा नाही. टोकांना चिंध्या बांधल्या, म्हणजे रंगाला ओरखडा नको.

राहिल्या खिडकीच्या फटी. त्यासाठी तिनं मैद्याची खळ शिजवली आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून रुळाच्या कडेनं एकावर एक चिकटवायला घेतल्या. निम्मी खिडकी झाली असेल-नसेल, तोच वनमालाबाई वर आल्या.

"अहो, हे काय चाललंय?" त्या दारातच थबकल्या. "माझ्या खिडक्यांना कागद चिकटवलेत तुम्ही?"

"खळ हाय, बाई. पाण्यानं निगती. उनाळा लागला की मी सोता घासून देते."

"ते काही नाही. आत्ताच्या आत्ता काढा. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल? उकिरडा वाटतोय."

मुक्ताबाईनं हातातली पट्टी खाली ठेवली नाही. ती उठून उभी राहिली. ठेंगणी बाई, पण फडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची सवय असलेली. ती उभी राहिली की हलवणं अवघड वाटायचं.

"हितं हात धरा," ती उघड्या फटीकडं बोट करून म्हणाली.

"मी कशाला धरू?"

"धरा तर."

वनमालाबाईंनी हात धरला. उत्तरेचा वारा बोटांना चावल्यासारखा लागला.

"माजी नात एवढीशी हाय," मुक्ताबाईनं हाताची वीत करून दाखवली. "तिला हे वारं लागून जमणार न्हाई. कागद वंगाळ दिसत आसंल, पर न्हाई काढायची मी. तुमी म्हनला तर खोली सोडते. पर तीबी आत्ता न्हाई. फाल्गुनात."

वनमालाबाई खाली गेल्या. मुक्ताबाईनं राहिलेल्या पट्ट्या चिकटवल्या. आता दुसरी जागा शोधायला वेळ नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. वनमालाबाईंच्या एका हातात रुंद चिकटपट्टीची दोन रिळं होती आणि बगलेत थर्माकोलचे पांढरे ठोकळे.

"खळीला झुरळं येतात," त्या तुटकपणे म्हणाल्या. "मैदा म्हणजे त्यांना जेवणच. लहान लेकराच्या घरात झुरळं चालतील का तुम्हाला?"

मुक्ताबाईनं खिडकीजवळ जाऊन पाहिलं. खरंच, एका कोपऱ्यात कागद कुरतडल्यासारखा दिसत होता.

"न्हाई चालणार," ती म्हणाली.

"मग ते काढा. थर्माकोलच्या पट्ट्या कापून रुळात बसवू. वरून ही चिकटपट्टी. टीव्हीच्या खोक्यातलं आहे, पडूनच होतं माळ्यावर."

दोघींनी मिळून खिडक्या पुसल्या, सुरीनं थर्माकोल कापला. वनमालाबाई पट्टी सरळ लागली नाही की उपटून पुन्हा लावायला लावत. थर्माकोलचे दाणे दोघींच्या केसांना चिकटले होते. वारा बंद झाला तसा बाहेरच्या रस्त्याचा आवाजही बंद झाला. संध्याकाळी मुक्ताबाईनं उदबत्ती लावली, तर धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला. ती हरखली.

सगळ्यात शेवटी तिनं बाजारातून एक लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवी आणली. बाळंतिणीला शेक, बाळाला धुरी. त्याशिवाय बाळंतपण कसलं? आनंदानं तिनं दवाखान्यात अंजना सिस्टरला सांगितलं, "आता सोडा पोरीला. एक भोक ठिवलं न्हाई. वर शेगडीबी आणली, दिवसरात इस्तव ठिवते."

सिस्टरनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मावशी, सगळ्या फटी बंद केल्यात? आणि आत कोळसा पेटवणार?"

"मंग? आमच्यात इस्तवाशिवाय बाळंतीण ठिवत न्हाईत."

"तुमच्या गावातल्या घराला फटी असतात म्हणून चालतं. बंद खोलीत कोळसा जळला, की त्याचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, ठसका नाही. माणूस झोपेतच जातं. मोठं माणूस जातं, मावशी. हे तर बोटभर लेकरू आहे."

मुक्ताबाईला राग आला. तिच्या आईनं केलं, सासूनं केलं, तिनं स्वतः केलं. काल आलेल्या पोरीनं शिकवावं का? ती डबा घेऊन तडक निघाली. पण जिना चढता चढता तिच्या मनात कोपी आली. कोपीत विस्तव असायचा, आणि धूर पाचटातून झिरपून बाहेर जायचा. थंडीच्या दिवसांत लांबून बघितलं की टोळीतल्या सगळ्या कोप्यांतून वाफ निघाल्यासारखी दिसायची. कोपी श्वास घेत होती. हा फ्लॅट घेत नव्हता. त्याचं नाकतोंड तिनंच आपल्या हातानं दाबलं होतं.

खोलीत आल्यावर ती जमिनीवर बसली. आपण पोरीला मारायचा बंदोबस्त करत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती उठली. शेगडी आणि कोळसा उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. अंघोळीचं पाणी तिथं तापवता येईल. स्वयंपाकघर दक्षिणेच्या बाजूला होतं, तिकडून उत्तरेचा वारा थेट आत येत नव्हता. तिथल्या गोल भोकाचं झाकण आणि बोळा, दोन्ही तिनं ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी ती सरळ अंजना सिस्टरपुढं जाऊन उभी राहिली.

"शेगडी गच्चीवर ठिवली. एक भोक उगडं केलं. आता सांगा, इस्तव न्हाई तर लेकराला ऊब कशाची द्यायची?"

सिस्टर हसली. "चला, दाखवते."

तिनं बाळाला उघडं केलं, फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवला, आणि दिपालीच्या उघड्या छातीवर उभं ठेवून वरून कापडानं घट्ट बांधलं. बेडकाच्या पिलासारखं ते लेकरू आईला चिकटलं. "जेवढा जास्त वेळ ठेवाल तेवढं चांगलं. आई दमली की दुसऱ्या कुणीही घ्यायचं. बाप, आजी, कुणीही. पाय हातानं बघत राहायचं. पाय गार लागले, तर समजायचं लेकराला थंडी वाजतेय. आता तुम्ही घ्या बघू."

"मी?"

"तुम्हीच. दिपालीला झोपायला नको का?"

पडद्याआड मुक्ताबाईनं चोळी सोडली. तिला लाज वाटत होती. छातीवर, मानेवर उसाच्या पात्यांचे जुने बारीक ओरखडे होते, कातडी रापलेली. सिस्टरनं बाळ तिच्या छातीवर ठेवलं. पहिल्यांदा तिला वजनच जाणवलं नाही. मग एक इवलासा श्वास लागला.

उत्तरेश्वरच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. पौषात, कारखान्यावर, कोपीत, दिवस भरायच्या आधीच. होतं नव्हतं ते सगळं तिनं तिच्याभोवती गुंडाळलं होतं आणि कोपीच्या तोंडाशी रात्रभर विस्तव ठेवला होता. सकाळी पोरगी गार होती. नाव ठेवायचंही राहून गेलं. असं उघड्या अंगाला लावून धर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. टोळीत कुणाला ठाऊकच नव्हतं. मुक्ताबाई भिंतीकडं तोंड करून रडली, पण बाळाला धक्का लागू दिला नाही.

"काय झालं, आत्या?" दिपालीनं विचारलं.

"काय न्हाई. तू झोप जा."

मार्गशीर्षात बाळ घरी आलं. आणि त्यानंतर आठवडाभरात थंडीची लाट आली. पाण्याच्या टाकीचा नळ सकाळी उघडला की बोटं बधिर व्हायची. वनमालाबाई मोबाइलवर बघून सांगायच्या, "आज आठवर आलाय पारा." रस्त्यावर माणसं टायर पेटवून शेकत बसलेली दिसायची. वरच्या खोलीत मात्र वारा नव्हता. गॅलरीतलं ऊन आत येईल तेवढा वेळ मुक्ताबाई वाकळ बाजूला सारायची, ऊन फिरलं की लगेच सोडायची. पाणी तापवून रबरी पिशवीत भरायची आणि बाजेवर आधी ती फिरवायची, म्हणजे अंथरूण गार लागू नये. दिपाली आणि ती आळीपाळीनं बाळाला छातीशी घ्यायच्या.

तशात दिपालीला ताप भरला. छाती दगडासारखी घट्ट झाली, दुखायला लागली. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं. थंडीत बाळाला पुन्हा बाहेर काढायचं नव्हतं. दूध काढून वाटीत द्या, चमच्यानं पाजा, असं सिस्टरनं सांगितलं. मुक्ताबाई बाळाला बांधून बाजेवर बसली, ती बसलीच. हलायची सोय नव्हती. खानावळीला निरोप गेला, आज भाकरी होणार नाहीत. दूध कोण आणणार?

"मी आणते," वनमालाबाई म्हणाल्या. गुडघे धरत धरत त्या दिवसातून चार वेळा दवाखान्यात जाऊन आल्या. वाटी उकळून घेणं, दूध पदराखाली झाकून आणणं, सगळं त्यांनी केलं. मुक्ताबाई एकेक चमचा बाळाच्या ओठाशी धरायची. दुपारी लेकरू चमचा घेईना. मुक्ताबाईनं पाय चाचपले. तळवे गार.

"बाई, ती टोपी बदला. ओली झालीया," ती म्हणाली. "अन् ती दुसरी वाकळ माज्या पाठीवरनं घाला."

वनमालाबाईंनी टोपी बदलली, वाकळ घातली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, आपल्या अंगावरची लोकरीची शाल काढून त्यावर गुंडाळली. दोघी बसून राहिल्या. मुक्ताबाई एक हात आत घालून ते तळवे आपल्या मुठीत धरून होती. हळूहळू ते मऊ झाले, मग कोमट झाले. बाळानं तोंड वाकडं करून रडायला सुरुवात केली.

"रडली!" वनमालाबाई म्हणाल्या.

"भूक लागली," मुक्ताबाई म्हणाली. "द्या चमचा."

संध्याकाळच्या खेपेला वनमालाबाईंनी सिस्टरला सगळं सांगितलं. सिस्टर स्वतः वर येऊन बाळ बघून गेली. दुसऱ्या दिवशी दिपाली घरी आली.

पौषात कारखान्याचं मशीन दोन दिवस बंद पडलं, आणि उत्तरेश्वर पहिली एसटी धरून आला. दाढी वाढलेली, हाताला फोड, अंगाला मळीचा वास. मुलीला त्यानं अजून पाहिलं नव्हतं. तो दाराशीच उभा राहून लांबून बघत होता.

"तितं कावून उभा राहिलास? जा, गच्चीवर पाणी तापलंय, आंग धू," मुक्ताबाई म्हणाली. तो अंघोळ करून आला. "आता सदरा काढ अन् बाजेवर नीज."

"कशाला?"

"पोरगी घ्यायची छातीवर."

"मी? माय, ही बायांची कामं."

"सिस्टर म्हनली, बापानंबी घ्यायचं. दिसाला टनभर ऊस तोडतूस अन् दोन किलोचं लेकरू न्हाई पेलत व्हय?"

दिपाली तोंडाला पदर लावून हसली. उत्तरेश्वर अवघडून पडला. मुक्ताबाईनं बाळ त्याच्या छातीवर ठेवून कापड बांधलं. तो श्वासही घ्यायला भीत होता. थोड्या वेळानं बाळानं जांभई दिली आणि त्याच्या छातीवरचे केस मुठीत धरले. "आगं, धरलं बग मला," तो कुजबुजला. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

मुक्ताबाई समोर भाजी निवडत बसली होती. ती वर न बघता बोलली.

"एक ऐकून ठेव. दिपाली औंदा तोडीला न्हाई येणार, अन् फुडल्या सालीबी न्हाई. पोरगी पळायला लागूस्तोवर न्हाई. मीबी हितंच राहणार. खानावळ हाय, दवाखाना हाय."

"एक कोयता कमी. मुकादम ऐकंल का? अन् तिकडं कारखान्यावर बापूला काय सांगू?"

"मुकादमाला मी बोलते. बापूला सांग, माय म्हनली."

उत्तरेश्वरनं मान खाली करून छातीकडं पाहिलं. बाळ झोपलं होतं, आणि त्याला उठवायची त्याची तयारी नव्हती.

राधाकिशन हंगाम संपवून चैत्रात आला. तिसरा मजला चढून दम लागला, तसा दारातच बसला. चहा घेत सगळीकडं नजर फिरवत म्हणाला, "गावाकडं कवा यायचं?"

"सणाला येते की," मुक्ताबाई म्हणाली. शेळ्या मात्र तिनं जावेकडं सांभाळायला दिल्या होत्या. त्यांची आठवण निघाली की तिचा जीव कासावीस व्हायचा.

फाल्गुनातच चिकटपट्ट्या निघाल्या होत्या. वनमालाबाईंनी चष्मा लावून कोपरा न् कोपरा तपासला. बांबूच्या टोकाशी रुपयाएवढा रंग उडालेला सापडलाच. त्यांनी तो बोट ठेवून दाखवला. मुक्ताबाईनं दुकानातून त्याच रंगाचा लहान डबा आणून दुपारच्या दुपारी तो लावला. "दिसतोय जरा वेगळा," वनमालाबाई म्हणाल्या. खोली सोडायचा विषय दोघींनीही काढला नाही.

मुलीचं नाव दिपालीनं राजनंदिनी ठेवलं. मुक्ताबाईच्या तोंडात ते बसत नाही, ती राजी म्हणते. पुढच्या दिवाळीनंतर टोळी गेली, तेव्हा बाप-लेकाचा एकच कोयता गेला. राजी तोवर भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. आता तर ती चालते, आणि चालते म्हणजे टाच आपटत चालते. खालून वनमालाबाई जिन्यात येऊन ओरडतात, की अहो, दिवसभर माझ्या डोक्यावर काय धपधप लावलीय! मुक्ताबाई वरूनच हाक देते, "पाय लई जोरात हायेत, बाई. काय करू?"